चादरीचे चिमटे

काकू बागेत निघाल्या की बागेला लागूनच्या घरातली शिंपीणबाई हातातलं काम टाकून खिडकीत यायची. फुकटचा तमाशा कोण सोडेल? काकूंचा थाटच तसा होता. पायांत काकांचे जुने लोकरी मोजे, मोज्यांत खोचलेली पायजम्याची टोकं, अंगात काकांचाच पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा, हातांत भांडी घासायचे रबरी हातमोजे, डोक्यावर गवती टोपी आणि टोपीवरून छातीपर्यंत सोडलेला जाळीच्या पडद्याचा तुकडा. बाहेर ऊन असं की दोरीवरचा टॉवेल दहा मिनिटांत पापडासारखा कडक व्हावा, आणि ही बाई अशी स्वतःला बांधून निघालेली.

"काकू, मध काढायला निघालात की दरोडा घालायला?" शिंपीणबाई ओरडायची.

"हसा, हसा," काकू जाळीआडून म्हणायच्या. "एक गोमाशी चावू दे, मशीन टाकून रस्त्यावर नाचाल."

यात खोटं काही नव्हतं. डास परवडला, हळूच येतो, काम उरकून जातो. गोमाशी कातडी कापते. कापल्यावर रक्त येतं, जागा सुपारीएवढी सुजते आणि चार दिवस ठणकते. बागेच्या भिंतीपलीकडे एक साचलेला नाला होता आणि उन्हाळ्यात तिथून त्या थव्याने यायच्या. खाली लाल मुंग्या, वर गोमाश्या. मधल्या जागेत माणसाने बागकाम करायचं.

आता खरं सांगायचं तर बाग काकूंची नव्हतीच. बाग काकांची. काका वजनकाटे तपासणारे सरकारी साहेब होते. दुकानोदुकानी जाऊन खोटी वजनं पकडण्यात आयुष्य गेलं, आणि निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही म्हणून घरामागच्या जमिनीला धरलं. घेवड्याच्या दोन रोपांत नऊ इंच म्हणजे नऊच. टेप लावून बघायचे. काकूंनी जन्मात कधी खुरपं हातात धरलं नाही. "तुमच्या घेवड्याला आता दाखला द्या आणि सोडा एकदाचा," असं म्हणून त्या आत जायच्या.

आणि नाही म्हणणं हा काकांचा स्थायीभाव होता. चहा हवा का? नाही. लेकीकडे जाऊ या चार दिवस? नाही. हा सदरा बरा दिसतो? नाही. लेकीने लहानपणीच त्यांचं नाव नकारघंटा ठेवलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं. एकदा जेवताना काकूंनी विचारलं, "तुम्हाला नकारघंटा म्हणतात, याचा राग नाही येत?" तर शांतपणे म्हणाले, "नाही." लेक हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी राहिली होती.

मग हिवाळ्यात एका सकाळी दाढी करता करता काका मोरीत कोसळले. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. तीन आठवड्यांनी दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा सगळ्या भाषेतला एकच शब्द त्यांच्या तोंडात शिल्लक राहिला होता. आणि देवाची करणी बघा, तो शब्द होता "हो".

पाणी हवं? हो. भूक नाही ना? हो. आज मंगळवार का बुधवार? हो.

डॉक्टरीणबाईंनी काकूंना समोर बसवून नीट सांगितलं होतं. "उजवा पाय हलत नाही, पण बधिर नाही. चिमटा काढला तर त्यांना कळतो. बोललेलंही बरंच कळतं. फक्त सांगता येत नाही. आणि हा जो 'हो' आहे ना, तो होकार समजू नका. जे काही मनात येतं ते या एकाच शब्दातून बाहेर पडतं. शब्दापेक्षा चेहरा बघत जा."

काकूंनी मान हलवली. कळलं म्हणाल्या. पण तुम्हीच सांगा, ज्या बाईने बेचाळीस वर्षं "नाही" ऐकलं, तिला रोज सकाळी चहा देताना "हो" ऐकू यायला लागलं, तर ती किती दिवस चेहऱ्याकडे बघत बसणार? पंधरा दिवसांत काकू तो इशारा विसरल्या. विसरल्या असंही नाही, त्यांना तो नकोच होता. "बरं वाटतंय ना?" असं त्या दिवसातून वीस वेळा विचारायच्या, आणि वीस वेळा बरं वाटत असल्याचं ऐकून घ्यायच्या.

लेक मात्र हिशेबी डोक्याची. ती दुसऱ्या शहरात राहायची, महिन्यातून एकदा यायची, आणि आईचे सुजलेले गुडघे तिला दिसत होते. तिने तिच्या घराजवळ अशा रुग्णांसाठी असलेल्या एका संस्थेत जागा बघून ठेवली. तिथे व्यायाम शिकवणारे आहेत, चोवीस तास माणसं आहेत, सगळं आहे.

"आई, महिनाअखेरपर्यंत ते थांबतील. मग जागा दुसऱ्याला देतील."

"तिथे टाकायचं त्यांना?"

"टाकायचं काय गं? तू एकटी उचलतेस त्यांना. उद्या तू पडलीस तर दोघांनाही कोण बघणार?"

"मला एवढा महिना दे," काकू म्हणाल्या. "जरा जरी सुधारणा दिसली, बोट जरी हललं, तरी ते घरीच राहतील. नाही दिसली तर तू म्हणशील तसं."

लेकीने कबूल केलं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या माणसाने जाता जाता सांगितलं होतं की पेशंटला आवडीच्या गोष्टीत गुंतवा, कधी कधी त्यातूनच काहीतरी सुटतं. आवडीची गोष्ट म्हणजे बाग. आणि बाग तर चार महिन्यांत वाळून कोळसा झालेली. तेव्हा काकूंनी कधी नव्हे ते पदर खोचला आणि खुरपं घेतलं. काकांना चाकाच्या खुर्चीत बसवून मागच्या ओट्यावर आणायचं आणि त्यांच्यासमोर वाफे करायचे, टेप लावून नऊ नऊ इंचांवर घेवडा पेरायचा, अशी ती मसलत. घेवडा उगवेल, ते बघतील, आणि बघता बघता एक दिवस म्हणतील, "अगं, दहा इंच झाले ते!" काकूंना स्वप्नात ते वाक्य ऐकू यायचं.

पहिल्या आठवड्यात लाल मुंग्यांनी नाकी नऊ आणले. वाफ्यात बसलं की मिनिटाभरात पायांवर चढायच्या, आणि अशा चावायच्या की निखारा ठेवल्यासारखं वाटावं. दुसऱ्या दिवशी तिथे पांढऱ्या पुटकुळ्या उठायच्या. काकूंनी गरम पाणी ओतलं, राख टाकली, शिंपीणबाईच्या सांगण्यावरून लिंबाची सालं पसरली. मुंग्या ढिम्म. मग काकूंनी स्वतःचं डोकं चालवलं. हाकलून जात नाहीत ना, मग बोलावून नेऊ! बागेच्या पार दुसऱ्या टोकाला, भिंतीशी, एक जुनं तुतीचं झाड होतं. त्याच्या खोडामागे त्यांनी साखरेच्या पाण्याने भरलेल्या तीन बश्या ठेवल्या. रोज सकाळी न चुकता भरायच्या. आठ दिवसांत वाफ्यातल्या मुंग्या साफ गेल्या. काकूंनी फोनवरून लेकीला सांगितलं, शिंपीणबाईला सांगितलं, दूधवाल्याला थांबवून सांगितलं. अशी अक्कल काकांनाही कधी सुचली नव्हती, असं त्या काकांनाच म्हणाल्या. "हो," काका म्हणाले.

मुंग्या गेल्या कुठे, हे काकूंना माहीत होतं, त्यांनीच नेल्या होत्या. पण गेलेल्या गोष्टीचा विचार कोण करतं?

मुंग्या संपतात न संपतात तोच गोमाश्यांचा हंगाम लागला. काकूंनी वर सांगितलेला पोशाख चढवला आणि त्या सुटल्या. पण ओट्यावर उन्हात बसलेल्या काकांना सुटका नव्हती. त्यांच्या गालावर एक चावली, रक्ताचा ओघळ हनुवटीपर्यंत आला, आणि काकू वाफ्यातून धावत येईपर्यंत दुसरी चावली होती. डाव्या हाताने ते नुसता वारा घालत होते आणि "हो, हो" म्हणत होते. आपण जाळी बांधून राणीसारखे हिंडतोय आणि हा माणूस उघडा बसलाय, या विचाराने काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन गोष्टी केल्या. गोमाशी सावलीत कमी येते, हे त्यांना वाफ्यात बसून बसून कळलं होतं. बागेत गर्द सावली एकाच ठिकाणी होती. म्हणून चार वाजता त्यांनी काकांची खुर्ची ढकलत ढकलत तुतीखाली नेली आणि खोडाला पाठ लावून ठेवली. दुसरं म्हणजे, टोपी आणि जाळी काकांनाही केली आणि छातीपासून पावलांपर्यंत एक जाड पांढरी चादर पांघरली. चादर वाऱ्याने उडू नये म्हणून खुर्चीच्या दोन्ही बाजूंना कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. पाय तर पट्ट्याने खालच्या फळीला बांधलेलेच असायचे, चाकात जाऊ नयेत म्हणून. व्यायामवाल्यानेच तसं सांगितलं होतं.

"आता बघू कुठली माशी येते," काकू म्हणाल्या. "बरं वाटतंय ना?"

"हो."

खोडाच्या मागे, दोन हातांवर, सकाळी भरलेल्या तीन बश्या होत्या.

पहिल्याच दिवशी, तासाभराने, काका बोलायला लागले. म्हणजे तोच शब्द, पण नवा आवाज. "हो. हो. हो!" काकूंनी वाफ्यातून मान वर केली. कित्येक महिन्यांत त्यांनी इतका मोठा आवाज ऐकला नव्हता. हातातलं खुरपं उंच करून त्या ओरडल्या, "घेवडा दिसला ना? मला वाटलंच होतं!" काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. काकूंच्याही आलं.

काका डाव्या हाताने चादर ओढत होते. एक चिमटा त्यांनी उडवला. काकू आल्या, लहान मुलाला रागवावं तसं रागावल्या. "अहो, माश्या चावतील! जरा म्हणून एका जागी स्वस्थता नाही." त्यांनी डावा हातही चादरीच्या आत घेतला आणि त्या बाजूला दोन चिमटे जास्तीचे लावले.

असे अकरा दिवस. रोज चार ते सहा.

रोज आवाज वाढत होता. शिंपीणबाईसुद्धा खिडकीतून म्हणाली, "काकांना बागेचं पाणी मानवलं हो." संध्याकाळी खुर्ची आत आणताना काकू चादर पायरीवर झटकायच्या तेव्हा चार-दोन मुंग्या पडायच्या. बागेतल्या चादरीवर मुंगी नाही तर काय हत्ती बसणार?

सकाळी काकांचं अंग पुसायला एक मदतनीस यायची, तिला सगळे सिस्टर म्हणायचे. पाचव्या दिवशी सिस्टर म्हणाली, "काकू, यांच्या पायांवर लाल लाल उठलंय. पोटऱ्यांवर पण."

काकूंनी चष्मा कपाळावरून खाली घेऊन बघितलं. "घामोळं. चादरीने होतंय. तुम्ही पावडर लावा."

"नुसतं पायांनाच घामोळं?"

"मग काय करू? चादर काढून माश्यांना पान वाढू?"

सिस्टरने पावडर लावली. ती चार घरची कामं करून दमलेली बाई, ती कशाला वाद घालते. काकूंनी नवा डबा आणला, चंदनाच्या वासाचा, महागातला.

आणि सातव्या दिवशी ते घडलं. काकू पाणी घालून परत येत होत्या, काका हो हो करत होते, आणि चादरीच्या खालच्या टोकाशी, उजव्या पावलाच्या जागी, चादर हलली. वारा नव्हता. काकू जागच्या जागी उभ्या राहिल्या. झारीचं पाणी त्यांच्या पायांवर ओतलं गेलं तरी त्यांना कळलं नाही. चादर पुन्हा हलली. पाऊल आखडलं, सुटलं, आखडलं.

"अहो! अहो, पाय हलवलात तुम्ही! उजवा! बघा, पुन्हा हलवा बघू!"

"हो! हो! हो!" काका जीव खाऊन म्हणाले, आणि पाय पुन्हा हलला.

काकूंना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी तिथेच वाळलेल्या पानांत गुडघे टेकले, जाळीवरूनच काकांच्या गालावर ओठ टेकले. बेचाळीस वर्षांत दिवसाउजेडी असलं काही केलेलं नव्हतं. शेजारून शिंपीणबाई बघत असेल तर बघो. काकांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि जाळीमुळे ते पुसता येत नव्हतं. "रडू नका," काकू म्हणाल्या, "आता सगळं ठीक होणार. कुठेही जायचं नाही तुम्हाला. मी फोनच करते तिला." आणि त्या धावल्या, सुजलेल्या गुडघ्यांनी खरोखर धावल्या. काका मागे तसेच बसून राहिले.

फोनवर लेक आधी तीनदा खरंच का म्हणाली. मग रडली. मग म्हणाली, रविवारी येते, जावयालाही आणते, डोळ्यांनी बघते आणि तिथून त्या संस्थेला नको म्हणून कळवते. चार दिवस काकूंनी रोज तालीम घेतली. खुर्ची हटकून त्याच जागी, कारण पाय तिथेच हलायचा. घरात हलायचा नाही. बिछान्यावर हलायचा नाही. व्यायामवाल्यासमोरही हलला नाही, तेव्हा काकू त्याला म्हणाल्या, "तुमच्यात काय बघायचंय त्यांनी? घेवडा आहे का तुमच्यात?" तो बिचारा हसला.

एक गोष्ट मात्र काकूंना खटकली होती आणि त्यांनी ती कोणाला सांगितली नाही. शनिवारी खुर्ची दारातून बाहेर काढताना काकांनी डाव्या हाताने चौकट धरली. घट्ट. बोटं एकेक करून सोडवावी लागली. "हो," ते अगदी हळू म्हणाले होते, "हो, हो," आणि काकूंकडे बघत राहिले होते. तेव्हा एक क्षण काकूंना डॉक्टरीणबाईंचं चेहऱ्याचं बोलणं आठवलं होतं. पण तेवढ्यात दुधाचं भांडं उतू गेल्याचा वास आला आणि त्या आत पळाल्या. परत आल्यावर त्यांनी खुर्ची ढकलली.

रविवारी चार वाजता सगळे बागेत जमले. लेक, जावई, शिंपीणबाईही कुंपणापाशी आली. काकूंनी काकांना धुतलेला सदरा घातला होता, भांग पाडला होता. चादर पांघरली, चिमटे लावले. घेवडा वीतभर वर आला होता, एका ओळीत, नऊ नऊ इंचांवर. "थांबा जरा," काकू नाटकातल्या सूत्रधारासारख्या म्हणाल्या. "लगेच होत नाही. अर्धा तास लागतो."

सगळे थांबले. जावयाला मानेवर गोमाशी चावली, त्याने थाडकन स्वतःलाच मारून घेतलं आणि शिंपीणबाई हसली. लेकीने बाबांना घेवडा किती छान आलाय म्हणून सांगितलं. बाबा तिच्याकडेच बघत होते. मग सुरू झालं. "हो," काका म्हणाले. "हो. हो!"

"बघ आता पायाकडे," काकू कुजबुजल्या.

चादर हलली.

"बाबा!" लेक ओरडली. तिने तोंडावर हात घेतला. जावई टाळ्या वाजवायला लागला. चादर जोरात हलत होती, काका ओरडत होते, आणि लेकीला राहवलं नाही. तिला ते पाऊल डोळ्यांनी बघायचं होतं, हातात घ्यायचं होतं. ती खाली बसली आणि तिने चिमटे काढून चादर वर उचलली.

आधी तिला कळलंच नाही. पायांना काहीतरी फासलंय असं वाटलं. मग ते फासलेलं हलताना दिसलं. फळीवर, पट्ट्यांवर, दोन्ही पावलांवर, पायजम्याच्या आतून गुडघ्यापर्यंत लाल मुंग्या. झाडाच्या खोडामागून निघालेली जाड ओळ चाकावरून वर चढत होती. बोटांच्या बेचक्यांत तर नुसत्या खचाखच. त्यांच्याखाली जुन्या पुटकुळ्या, फुटलेल्या, चिघळलेल्या, आणि त्यांवर चंदनाच्या पावडरीचे पांढरे थर.

पट्टे सोडवताना लेकीच्या हातांना त्या चावल्या आणि ती किंचाळली. जावयाने काकांना खुर्चीतून उचलून खांद्यावर घेतलं आणि मोरीकडे धाव ठोकली. शिंपीणबाई कुंपण ओलांडून आली आणि बादल्याच्या बादल्या ओतायला लागली. या सगळ्या धावपळीत एकच माणूस हललं नाही. काकू तुतीखाली उभ्या होत्या आणि खोडामागच्या तीन बश्यांकडे बघत होत्या. सकाळीच भरलेल्या होत्या त्या. एकीत आज साखर जरा जास्तच पडली होती.

डॉक्टरीणबाई आल्या, मलम दिलं, इंजेक्शन दिलं. जीवाला धोका नाही म्हणाल्या. काकूंनी त्यांना दारापाशी गाठलं.

"पण पाय हलला ना? हललाच ना तो?"

डॉक्टरीणबाईंनी चपला घालायचं थांबवलं. "चटका बसला की पाय आपोआप आखडतो, काकू. तो स्वतःहून हलवणं वेगळं. मी आत्ता बघितलं. त्यात काही नाही."

"काहीच नाही?"

"नाही."

लेक एका शब्दानेही रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने आईला चहा करून दिला, साखर न घालता, आणि शेजारी बसली. म्हणाली, "तू मुद्दाम थोडंच केलंस? तुला कसं कळणार होतं?"

"त्यांनी सांगितलं होतं मला," काकू म्हणाल्या. "अकरा दिवस सांगत होते. ओरडून सांगत होते गं ते. आणि मी हात बांधले त्यांचे."

"आई, नको ना."

"घेऊन जा त्यांना."

"अजून आठवडा आहे महिना संपायला. मी संस्थेला अजून नक्की काही—"

"घेऊन जा म्हटलं ना!" काकूंचा आवाज फाटला. "माझ्या हातात नको देऊस त्यांना. मला त्यांचं काही कळत नाही. बेचाळीस वर्षं त्यांच्यासोबत राहिले, आणि मला त्यांचं काहीसुद्धा कळत नाही."

बुधवारी गाडी आली. काकांच्या पायांना पांढरी पट्टी होती, मांडीवर चादर नव्हती. काकूंनी त्यांचे सदरे, दाढीचं सामान, चष्मा, सगळं नीट भरून दिलं. टेपसुद्धा टाकली पिशवीत, मग काढली, मग पुन्हा टाकली. जावयाने काकांना पुढच्या सीटवर बसवलं. काकू खिडकीशी वाकल्या. बरं वाटतंय ना, हे सवयीने ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. काही विचारायची त्यांची हिंमतच राहिली नव्हती. न विचारताच काका त्यांच्याकडे बघून म्हणाले, "हो."

काकूंनी या वेळी चेहरा बघितला. डोळे बघितले, ओठ बघितले, कपाळावरची आठी बघितली. राग होता का? माफ केलं होतं का? नुसतं उन्हाने डोळे बारीक केले होते का? काहीही वाचता आलं नाही. गाडी निघाली.

शिंपीणबाई दोन वेळा हाक मारून गेली. काकूंनी ओ दिली नाही. चार वाजले. काकू उठल्या आणि मागच्या दाराने बाहेर पडल्या. मोजे नाहीत, हातमोजे नाहीत, टोपी नाही. घेवड्याच्या ओळीवरून त्या सरळ तुतीपाशी गेल्या. रिकामी चाकाची खुर्ची तिथेच पडून होती, रविवारपासून तिला कोणी हात लावला नव्हता. संस्थेने स्वतःची दिली होती. बश्याही तशाच होत्या. अर्ध्या वाळल्या होत्या, पण मुंग्यांची ये-जा चालू होती.

काकू खुर्चीत बसल्या. अनवाणी पाय फळीवर ठेवले. पट्टे बांधायला वाकल्या, पण रविवारच्या ओढाताणीत वाकलेलं बक्कल लागेना, तेव्हा पाय नुसतेच ठेवले. दोन तास बसायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. ते रोज बसायचे तेवढं. हलायचं नाही, ओरडायचं नाही.

पहिली मुंगी अंगठ्याला चावली. काकूंनी दात आवळले. दुसरी बेचक्यात शिरली. मग घोट्याला, मग पोटरीला, मग एकदम सगळीकडे, आणि काकूंना समोरचा घेवडा दिसेनासा झाला. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले. मनातल्या मनात आकडे मोजत होत्या, साठ, एकसष्ट, बासष्ट. शंभराच्या आतच त्यांच्या तोंडून किंकाळी फुटली. त्या ताडकन उठल्या, पाय आपटत, पोटऱ्यांवर दोन्ही हातांनी फटाफट मारत, साडी गुडघ्यांपर्यंत उचलून धरून वाफ्यांतून धावत सुटल्या. नऊ नऊ इंचांवरचा घेवडा पायांखाली तुडवला गेला. ओट्यावर पोचून त्यांनी बादलीतलं पाणी पायांवर ओतलं, आणि मग तिथेच पायरीवर बसून त्या मोठ्याने रडायला लागल्या.

त्यांना उठता आलं होतं.